गिरणा, तापी आणि वीज: खानदेशातल्या पाण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबरात धरणांचे आकडे पेपरात आले की चाळीसगावपासून शहाद्यापर्यंत तेच ते प्रश्न सुरू होतात. धरण भरलं तर पाटाला पाणी का नाही? एवढं पाणी वाहून गेलं, त्याची वीज का नाही केली? तापी दारातून जाते आणि आपण कोरडे कसे? जमतील तितकी उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. आकडेमोड मुद्दाम ठेवली आहे. ती केल्याशिवाय यातली बरीचशी भांडणं नुसती आवाजाची राहतात.

खानदेश वाळवंटात मोडतो का?

नाही. धुळे-जळगाव पट्ट्यात वर्षाला साधारण साडेपाचशे ते सातशे मिलीमीटर पाऊस पडतो. जैसलमेरला तो दोनशेच्याही आत असतो. आपला भाग अवर्षणप्रवण आहे, वाळवंटी नाही. नंदुरबारच्या नवापूर-अक्कलकुव्याकडे तर पाऊस हजाराच्या पुढे जातो. अमळनेर, पारोळा, शिंदखेडा हे खरे पर्जन्यछायेतले तालुके.

पण पावसाची बेरीज फसवी आहे. तो पडतो मोजक्या दिवसांत, आणि त्यातही दोन-तीन दणके असे की निम्मं पाणी नाल्यातून तापीत आणि तापीतून सुरतेला. उरलेले आठ महिने साठवलेल्या पाण्यावर काढायचे. त्या आठ महिन्यांचे नियम मात्र वाळवंटातल्यासारखेच असतात: वाफ होऊन किती जाईल, पाझरून किती जाईल, उरलेलं कुणाला आणि कधी.

टीएमसी, दलघमी, क्युसेक यांचा घोळ होतो. एकदा सरळ सांगा.

टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. तेच २८.३ दशलक्ष घनमीटर, म्हणजे दलघमी. हे दोन्ही साठ्याचे माप. क्युसेक हे वाहण्याचं माप: सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८.३ लिटर.

दोन्ही जोडणारा आकडा लक्षात ठेवा: ११,५७४ क्युसेक पाणी चोवीस तास वाहिलं तर एक टीएमसी होतं. म्हणजे कालव्याला १,००० क्युसेक सोडलं तर धरणातून एक टीएमसी कमी व्हायला साडेअकरा दिवस लागतात. "हतनूरमधून (भुसावळजवळचं तापीवरचं धरण) एक लाख क्युसेक सोडले" अशी बातमी आली की दिवसाला साडेआठ टीएमसीच्या वर पाणी चाललंय असं समजायचं.

एका टीएमसीत भिजतं किती? रब्बीच्या पिकाला शेतात ३०० मिलीमीटर पाणी लागतं असं धरा. म्हणजे हेक्टरी ३,००० घनमीटर. कालव्यातून निघालेल्या पाण्यातलं निम्मंच वावरात पोचतं असं धरलं, तर धरणातून हेक्टरी ६,००० घनमीटर सोडावं लागतं. त्या हिशेबाने टीएमसीला साधारण ४,७०० हेक्टर. गळती थांबवली तर हाच आकडा नवं धरण न बांधता वर सरकतो.

गिरणा धरण भरलं, तरी आवर्तनं मोजकीच का?

नाशिक जिल्ह्यात नांदगाव तालुक्यातल्या पांझणजवळचं हे धरण १९६९ साली पुरं झालं. एकूण साठा साडेएकवीस टीएमसी, त्यातला उपयुक्त साडेअठरा. कागदावर हा आकडा मोठा दिसतो. त्यातून आधी मालेगाव, चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्यासकट कितीतरी गावांचं पिण्याचं पाणी राखून ठेवतात, आणि तेही पुढचा पाऊस लांबला तर पुरेल असं, म्हणजे जुलै-ऑगस्टपर्यंत. बाष्पीभवन त्यातून वजा. उरतं ते पांझण डावा कालवा, जामदा डावा-उजवा आणि दहिगाव बंधाऱ्यावरून निघणारा निम्न गिरणा कालवा यांच्यात वाटायचं.

दुसरी गोष्ट: गिरणा भरणं हाच अपवाद आहे. २०१९ साली ते भरलं तेव्हा लोक पूजेला गेले, कारण मध्ये दशकाहून जास्त काळ ते तुडुंब झालंच नव्हतं. वरच्या अंगाला चणकापूर, हरणबारी, केळझर, पुनद अशी धरणं आहेत. ती भरल्यावर उरलेलं खाली येतं. यात कुणाची चोरी नाही. नदीचं खोरं तेवढंच आहे आणि वाटेकरी वाढत गेले. पण भडगावच्या शेतकऱ्याचा पाऊस भडगावात नव्हे, कळवण-सटाण्यात पडतो, हे धरणाची टक्केवारी वाचताना ध्यानात ठेवलेलं बरं.

आवर्तनं, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्या, किती द्यायची ते १५ ऑक्टोबरच्या साठ्यावरून कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. बैठकीला आमदार, अधिकारी, पाणीवापर संस्थांचे लोक असतात. ज्यांना पाणी हवं असतं त्यांतले बहुतेक नसतात.

"भाऊ, आमना वावरमा पानी कवय येई?"

आमच्या वावरात पाणी कधी येईल, हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि त्याचं प्रामाणिक उत्तर "तुमचं वावर कुठे आहे त्यावर" एवढंच.

नियमाने शेजपाळीत पाणी टेलकडून सुरू करून हेडकडे आणायचं असतं. म्हणजे चारीच्या शेवटच्या शेतकऱ्याचं भरणं आधी, तोंडाशी असलेल्याचं शेवटी. कागदावर ही पद्धत फार शहाणी आहे, कारण तोंडाजवळच्याला कसंही करून पाणी मिळतंच. प्रत्यक्षात चारीला पाणी सुटलं की पहिल्या रात्रीच हेडवर दारं उचललेली असतात आणि टेलवाला पाटकऱ्याला फोन लावत बसलेला असतो.

तुमच्या बाजूने करायचं ते एवढं: हंगामाआधी नमुना नंबर ७ चा पाणी अर्ज भरा, थकबाकी निकाली काढा, मंजुरीची प्रत जवळ ठेवा. सिंचनाचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. खरीप १४ ऑक्टोबरपर्यंत, रब्बी १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर, उन्हाळी मार्च ते जून. प्रत्येक हंगामाचा अर्ज वेगळा. अर्ज न भरता घेतलेल्या पाण्याला दंडाची आकारणी होते, आणि तक्रार करायला तोंडही उरत नाही.

टेलपर्यंत पाणी पोचत का नाही? चोरी एवढंच कारण आहे का?

चोरी आहेच, पण ती सगळ्यांना दिसते म्हणून तिचंच नाव होतं. न दिसणारी कारणं जास्त पाणी खातात. काळ्या मातीतल्या चाऱ्या उन्हाळ्यात भेगाळतात आणि पहिलं आवर्तन त्या भेगा भरण्यातच जातं. अस्तरीकरण उखडलेलं, गेटांना चाक नाही, चारीत बाभळी आणि बेशरम माजलेली. कालवा पूर्ण क्षमतेने चालवला तरच टेलला दाब पोचतो. "थोडं थोडं सगळ्यांना" म्हणून निम्म्या पाण्याने चालवला तर ते वाटेतच जिरतं. म्हणून कमी दिवस पण भरून चालणारं आवर्तन टेलवाल्यासाठी चांगलं असतं. बैठकीत मागायची गोष्ट हीच आहे, आणि ती सहसा कुणी मागत नाही.

पिण्यासाठी नदीत पाणी सोडलं की काठावरच्या मोटारींची लाईट का तोडतात?

कारण गिरणेत सोडलेलं पाणी खालच्या गावांच्या विहिरीपर्यंत नदीच्या पात्रातूनच जातं. वाटेत कोरडी वाळू आधी आपली तहान भागवते. वाळू उपसून पडलेले खड्डे भरावे लागतात. त्यात काठावर शेकडो मोटारी चालू असल्या तर शेवटच्या गावाला ओल तेवढी दिसते. म्हणून आवर्तनाच्या दिवसांत काठावरच्या डीपी बंद ठेवतात.

केळीबाग असलेल्याला हे दिवस जड जातात, मान्य. पण नळाला पंधरा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात उभं राहून दुसरी बाजू मांडणं अवघड आहे. गिरणेवर ठरलेले सात बलून बंधारे, म्हणजे रबरी फुगा फुगवून पाणी अडवणारे बंधारे, झाले असते तर हा त्रास काही अंशी कमी झाला असता. तो विषय प्रत्येक निवडणुकीत फुगतो आणि नंतर हवा जाते.

वाफ होऊन खरंच एवढं पाणी जातं का, की ही अधिकाऱ्यांची सबब आहे?

खरंच जातं. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे उघड्या पाण्यावरून दिवसाला दहा मिलीमीटरच्या वर बाष्पीभवन होतं. वर्षाचा थर दीड मीटर धरला तर एक चौरस किलोमीटर पाण्यावरून १५ लाख घनमीटर पाणी उडतं. एकोणीस चौरस किलोमीटरला एक टीएमसी झाला.

वाळवंटात याची परिसीमा पाहायची तर इजिप्तचं नासर सरोवर. १९५९ साली इजिप्त आणि सुदान यांनी नाईलचं पाणी वाटून घेतलं, तेव्हा ८४ अब्ज घनमीटरमधून १० अब्ज घनमीटर वाफेसाठी आधीच बाजूला काढले. तेवढं पाणी म्हणजे साडेतीनशे टीएमसीच्या वर. तापीच्या पाण्यात अख्ख्या महाराष्ट्राचा वाटा १९१.४ टीएमसी आहे.

यावर सोपा उपाय नाही. उथळ आणि पसरट तलावांपेक्षा खोल साठा बरा, आणि उघड्या साठ्यापेक्षा जमिनीखालचा बरा. मार्चनंतर धरणात पाणी राखून "बचत" केल्याचं समाधान मानू नये, एवढं मात्र नक्की. पिण्याचा साठा सोडून उरलेलं पाणी रब्बीत वापरलेलं केव्हाही फायद्याचं.

कोयनेवर एवढी वीज होते, मग गिरणा-हतनूरवर का नाही?

वीज पाण्याच्या साठ्यातून होत नाही, पाणी किती उंचीवरून पडतं त्यातून होते. एक घनमीटर पाणी ३६७ मीटर खाली आलं की त्यात एका युनिटची ऊर्जा असते. यंत्रातली घट वेगळी.

कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणाकडे जवळजवळ पावणेपाचशे मीटर खाली टाकलंय. तिथे एका घनमीटरमागे एक युनिटहून थोडी जास्त वीज मिळते. गिरणेच्या पायथ्याशी ३० मीटरची उंची मिळते असं धरा. मग एका युनिटसाठी चौदा हजार लिटरच्या वर पाणी सोडावं लागेल. पूर्ण एक टीएमसी सोडलं तर साधारण २० लाख युनिट. हतनूरला तर एवढी उंचीही नाही. ते ४१ दरवाज्यांचं, रुंद आणि बुटकं धरण आहे, आणि त्यात तापी-पूर्णेचा गाळ भरत चाललाय.

म्हणजे करूच नये असं नाही. आवर्तनाचं पाणी कालव्यात सोडायचंच असेल तर ते टर्बाइनमधून सोडलं तरी शेतकऱ्याचं काही जात नाही. धरणाच्या पायथ्याशी किंवा कालव्याच्या धबधब्यावर अशी छोटी केंद्रं उभारण्यासाठी राज्याने २००५ साली खासगी सहभागाचं धोरणही आणलं. फक्त अशी केंद्रं आवर्तन असेल तेवढेच दिवस चालतात. वर्षातले उरलेले महिने यंत्र गप्प. पैसा घालणाऱ्याला हे परवडत नाही, म्हणून खानदेशात या वाटेने फार काही होईल असं मला वाटत नाही.

वीज काढून घेतली की पाण्यातला कस जातो, पीक जोमाने येत नाही, असं ऐकलंय.

जात नाही. टर्बाइन पाण्याची फक्त उंची आणि वेग वापरतं. क्षार, गाळ, प्राणवायू यांना ते हात लावत नाही. धरणात गाळ खाली बसतो आणि निवळ पाणी बाहेर येतं, त्यामुळे पुराच्या पाण्याइतकी पोयटा माती शेतात येत नाही, हे खरं. पण तो धरणाचा परिणाम आहे, विजेचा नाही.

मग सिंचन आणि जलविद्युत यांचं भांडण नेमकं कशावरून?

वेळेवरून. विजेला पाणी रोज हवं, त्यातही संध्याकाळी सहा ते दहा जास्त. शेतीला ते आवर्तनात हवं, रब्बीत आणि उन्हाळ्याच्या तोंडावर. आणि पूर अडवायचा असेल तर धरण पावसाळ्यात थोडं रिकामं हवं. तिन्ही गोष्टी एका धरणाकडून मागितल्या की कुणीतरी नाराज होणारच.

आपल्या जवळचं उदाहरण उकईचं. तापीवरचं हे धरण १९७२ साली गुजरातेत झालं, पाणी नवापूरकडच्या गावांपर्यंत तुंबलं, वीजकेंद्राची क्षमता ३०० मेगावॉट. धरण जितकं भरलेलं तितकी वीज आणि सिंचन दोन्ही चांगलं, म्हणून ३४५ फुटांची पातळी गाठायचा मोह असतो. ऑगस्ट २००६ मध्ये वरून पूर आला तेव्हा जागाच उरली नव्हती. नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं आणि सुरत बुडालं. तेव्हापासून हतनूरचे किती दरवाजे उघडले याची बातमी भुसावळपेक्षा सुरतेत जास्त काळजीने ऐकली जाते.

उलट उदाहरण आस्वानचं. १९७० साली पुऱ्या झालेल्या त्या उंच धरणाचं वीजकेंद्र २,१०० मेगावॉटचं, पण पाणी किती सोडायचं ते शेतीच्या गरजेवरून ठरतं. वीज मिळेल तेवढी घ्यायची. कोरड्या प्रदेशात हाच क्रम चालतो. महाराष्ट्रानेही २०११ साली पाणीवाटपात पिण्यानंतर शेती आणि मग उद्योग असा क्रम लावून घेतला. त्याआधी उद्योग शेतीच्या वर होता.

सरदार सरोवराची वीज आपल्याला मिळते का? आणि नर्मदेचं पाणी?

वीज मिळते. १,४५० मेगावॉटच्या केंद्रातल्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. ती थेट धडगावला येत नाही, राज्याच्या जाळ्यात मिसळते. अक्राणी-अक्कलकुव्यातल्या ३३ गावांची जमीन त्या धरणाने घेतली, तेव्हा तिथल्या पाड्यांवर वीज किती वर्षांनी पोचली हा प्रश्न विचारायचा हक्क त्या लोकांना आहे.

पाणी म्हणाल तर १९७९ च्या नर्मदा पाणीवाटप लवादाने २८ दशलक्ष एकर-फुटांपैकी महाराष्ट्राला पाव दशलक्ष दिलं, म्हणजे १०.८९ टीएमसी. नर्मदा आहे सातपुड्याच्या पलीकडे, खोल दरीत. ते पाणी तापीच्या खोऱ्यात आणायचं म्हणजे बोगदे आणि पंप. योजना कागदावर फिरत आहेत. वाळवंटातल्या राजस्थानला आपल्या दुप्पट वाटा मिळाला आणि मार्च २००८ मध्ये त्यांच्या हद्दीत पाणी पोचलंसुद्धा.

राजस्थानने त्या पाण्याचं काय केलं?

ऐकण्यासारखं केलं. जालोर-बाडमेरकडच्या नर्मदा कालव्यावर त्यांनी मोकाट पाणी द्यायचंच नाही असं ठरवलं. प्रत्येक चकासाठी, म्हणजे शेतांच्या गटासाठी, डिग्गी, म्हणजे साठवण टाकी, तिथे पंप आणि पुढे तुषार किंवा ठिबक. त्यामागे इंदिरा गांधी कालव्याचा कडू अनुभव होता. १९५८ साली काम सुरू झालेल्या त्या कालव्याने थरच्या वाळूत गहू-कापूस पिकवला खरा, पण हनुमानगढकडे मोकाट पाण्याने जमिनी चिबडल्या आणि मीठ वर आलं.

वाळवंटात पाणी जास्त झाल्याने जमीन वाया जाते हे आपल्याला विचित्र वाटेल. पण गिरणा-जामद्याच्या हेडवरच्या काळ्या रानात, जिथे वर्षानुवर्षं ऊस-केळी मोकाट भिजवली, तिथे जाऊन विचारा.

तापी बारमाही दारातून वाहते. पाणी उचलायला काय हरकत?

हरकत विजेची. खानदेशात तापी काठाच्या जमिनीपेक्षा बरीच खोल वाहते, म्हणून तिच्यावर गिरणेसारखे पाट काढता येत नाहीत. बॅरेज, म्हणजे दरवाज्यांचा बंधारा, बांधायचं आणि पाणी वर चढवायचं. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथे बॅरेज झाले, पाणी अडलं, काठावर उभं राहून ते बघताही येतं.

आता हिशेब करा. एक टीएमसी पाणी ६० मीटर चढवायचं, पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ६६ लाख युनिट लागतात. शंभर मीटर चढवायचं तर एक कोटी दहा लाख. वर गिरणेच्या उदाहरणात तेवढ्याच पाण्यातून २० लाख युनिट मिळत होते. खानदेशातलं पाणी वीज देत नाही, वीज मागतं. कोयनेचा हिशेब इथे उलटा लावायचा, आणि आपल्या पाण्याच्या सगळ्या मोठ्या योजना या एका वाक्यावर तोलून बघायच्या.

धुळे-नंदुरबारच्या तापीकाठच्या २२ सहकारी उपसा योजना याच ओझ्याखाली बसल्या. वीजबिल थकलं, कनेक्शन तुटलं, मोटारी गंजल्या, पाइप चोरीला गेले, आणि सभासदांच्या सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा तेवढा राहिला. पुढे सरकारने दुरुस्तीला पैसा दिला. दुरुस्ती एकदाच करता येते, बिल मात्र दर महिन्याला येतं.

सुलवाडे-जामफळ-कनोली योजनेचं भूमिपूजन फेब्रुवारी २०१९ मध्ये धुळ्यात पंतप्रधानांच्या हस्ते झालं. पावसाळ्यातलं वाहून जाणारं पाणी उचलून जामफळला साठवायचं, म्हणजे धुळे-शिंदखेड्याला मिळेल. कल्पना बरी आहे: उपसा चारच महिने आणि तोही पुराच्या पाण्याचा. नार-पार-गिरणा जोड योजनेला २०२४ साली मंजुरी मिळाली, खर्च सात हजार कोटींच्या घरात. पश्चिमेकडे वाहून जाणारं दहा टीएमसीच्या आसपास पाणी चणकापूरच्या बाजूला आणायचं, आणि तेही उचलूनच. दोन्हींच्या स्वागताचे फलक लागले. वीजबिल शेतकरी भरणार, संस्था भरणार की सरकार, आणि किती वर्षं, हे त्या फलकांवर लिहिलेलं नव्हतं. तुमच्या गावात योजनेची सभा झाली तर पहिला प्रश्न हाच विचारा.

शेतीला वीज मोफत झाली, सौर पंपही मिळतो. मग काळजी कसली?

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी वीज मोफत आहे. सौर पंपामुळे रात्री-बेरात्री साप-विंचवात मोटार सुरू करायला जाणं वाचतं, आणि तेवढ्यासाठीही ते स्वागताचं आहे.

काळजी विहिरीची. यावल-रावेर-चोपड्याचा सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा खरं तर नशीबवान: डोंगरातून आलेल्या दगडगोट्यांचा आणि वाळूचा जाड थर, पाणी मुरायला उत्तम. त्याच थरातलं पाणी केळीने इतकं उपसलं की बोअर शेकडो फूट खाली गेल्या. शंभर मीटरवरून पाणी काढायचं, पंप-मोटारीची एकूण कार्यक्षमता ४० टक्के, केळीला एकरी साठ लाख लिटर. झाले वर्षाला एकरी चार हजार युनिट. बिल शून्य येतं म्हणून हा आकडा दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीची काटकसर कुणी करत नाही. सौर पंपाला तर दिवसभर थांबायचं कारणच उरत नाही.

केळीला ठिबक लावलं की पाणी वाचतं ना?

बागेत वाचतं. गावात वाचेलच असं नाही. जळगावने ठिबक देशाच्या आधी घेतलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जैन उद्योगाने इथे ते रुजवलं आणि आज मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडची लागवड) असो की कांदेबाग (पावसाळ्यानंतरची), ठिबकाशिवाय केळी कुणी लावत नाही. उत्पादन वाढलं, टिश्यू कल्चरमुळे बाग लवकर निघू लागली, २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण वाचलेल्या पाण्यावर शेजारचं कोरडवाहू रानही केळीखाली आलं. तीन एकराच्या पाण्यात पाच एकर होतात, म्हणून पाच एकर लावले जातात. यात शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा? पण पाणी वाचलं असंही म्हणू नये.

अनुदान लहान-सीमांत शेतकऱ्याला राज्याची भर धरून ८० टक्क्यांपर्यंत, बाकीच्यांना ७५. अर्ज सरकारच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर.

फड पद्धत आता संपली का?

पूर्ण नाही, पण पूर्वीची राहिली नाही. पांझरा, मोसम, गिरणेच्या खोऱ्यात तीन-चारशे वर्षांपासून लोकांनी नदीवर दगडी बंधारे घातले, पाट काढले आणि भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार फड पाडले. एका फडात सगळ्यांनी ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात बाजरी-ज्वारी. पुढच्या वर्षी पिकांची अदलाबदल. प्रत्येकाची जमीन थोडी थोडी प्रत्येक फडात असायची. पाटकरी पाणी फिरवणार, जागल्या रखवाली करणार, हवालदार दोघांवर लक्ष ठेवणार. शेतकऱ्याने स्वतः पाण्याला हात लावायचा नाही. दुष्काळ पडला तर एखादा फड सगळ्यांनी मिळून कोरडा ठेवायचा. तोटा झाला तरी सगळ्यांचा सारखा.

ती मोडली त्याला कारणं बरीच: वर धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, आणि ज्याच्याकडे स्वतःचं पाणी आलं त्याला "आम्ही सांगू ते पीक घे" हे पटेना. साक्रीकडे काही बंधाऱ्यांवर अजून तिचे अवशेष चालतात. याच पांझरेवर दातर्तीजवळ तरुण विश्वेश्वरय्यांनी नदीखालून पाणी नेणारी नळी टाकली होती. १८८४ साली मुंबई प्रांताच्या नोकरीत आल्यावर सुरुवातीच्या कामांपैकी ते एक. पुढे निरेच्या कालव्यावर त्यांनी जी ब्लॉक पद्धत आणली, तिच्यात पिकांची पाळी आणि पाण्याची पाळी एकत्र बांधलेली आहे. ती वाचताना फड आठवतो.

शिरपूर पॅटर्न सगळीकडे का राबवत नाहीत?

शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद आणि खोल केले, पाठोपाठ सिमेंटचे बंधारे बांधले. विहिरींना पाणी आलं, हे कुणी नाकारत नाही. मात्र तिथे पाठीशी अमरीश पटेलांसारखं राजकीय आणि आर्थिक बळ होतं, आणि जमिनीखाली तापीच्या गाळाचा जाड थर होता. पारोळ्याच्या कातळात तेवढंच खोल खणलं तर पाणी साठेल, मुरेल किती ते खडक ठरवणार. आणि वरच्या गावाने नाला पोटभर अडवला तर खालच्या गावाचं काय, याचं उत्तर जेसीबीवाला देत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या जाड थरात तापीचं पुराचं पाणी मुरवायची महाकाय पुनर्भरण योजना आहे. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशने तिच्या ३१.१३ टीएमसी पाण्याबाबत करार केला. पाणी जमिनीखाली साठवायचं, म्हणजे वाफ नाही आणि विहीर जवळ. भूगर्भाच्या दृष्टीने खानदेशातली ही सगळ्यांत शहाणी कल्पना आहे. मुरलेलं पाणी कुणी किती उपसायचं याचा नियम सोबत आला नाही, तर पाच वर्षांत बोअर पुन्हा तिथेच.

कालव्यावर सौर पॅनल लावले तर?

गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात चंद्रासनला नर्मदेच्या कालव्यावर एक मेगावॉटचे पॅनल २०१२ साली लावले. जमीन लागत नाही, सावलीने वाफ थोडी कमी होते. सांगाडा महाग पडतो आणि कालव्यातला गाळ काढायला अडचण होते. साक्रीत शिवाजीनगरला महानिर्मितीचा मोठा सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलला पवनचक्क्या आहेत. विजेपुरतं बोलायचं तर खानदेशचं भांडवल ऊन आणि वारा हेच. उपसा योजनांचे पंप दिवसा या विजेवर चालवायचे आणि पाणी वर साठवून ठेवायचं, यात अर्थ आहे.

पाणीवापर संस्था काढून काही फायदा होतो का?

२००५ च्या कायद्याने संस्थेला पाणी मोजून मिळतं, पीक कोणतं घ्यायचं ते सभासद ठरवतात, पाणीपट्टीही संस्थाच गोळा करते. शेजारच्या दिंडोरीतल्या वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांनी पूर्ण धरणाचं पाणी असं चालवून दाखवलंय.

आपल्याकडे बऱ्याच संस्था फक्त नोंदणीपुरत्या आहेत. तुमची त्यातली आहे का हे ओळखायचं असेल तर चारीच्या तोंडाशी जा. तिथे पाणी मोजायची पट्टी असली पाहिजे, आणि आवर्तन चालू असताना दर दिवसाचा आकडा लिहिलेली वही कुणाकडे तरी असली पाहिजे. मोजपट्टी नसेल तर पाटबंधारे खात्याच्या पोटविभागाकडे लेखी मागणी करून पोच घ्या. वही नसेल तर दीडशे रुपयांत मिळते, आणि टेलच्या माणसाकडे लिहायला दिलेली चांगली.